लोडर, ट्रक आणि मंजूर फाळके

टाचणी असो की तिजोरी, खरेदीची पद्धत एकच असते, असं माझं ठाम मत आहे. आधी गरज ठरवायची, मग बाजारात चौकशी करायची, मग तक्ता करायचा, आणि तक्त्यात जे पहिलं येईल ते डोळे मिटून घ्यायचं. त्यात मन म्हणून घालायचं नाही. एका मोठ्या कचेरीच्या खरेदी विभागात मी उभं आयुष्य याच पद्धतीने काढलं, आणि मी घेतलेली एकही खुर्ची आजवर कुणाच्या खाली मोडलेली नाही. एकदा फक्त पंख्यांची पाती उलटी आली होती. पण ते पंखे हिवाळ्यात आल्यामुळे उन्हाळ्यापर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि उन्हाळ्यात मी निवृत्त झालो.

सांगायचा मुद्दा असा, की आमच्या घरच्या धंद्यासाठी लोडर आणि ट्रक घ्यायचं ठरलं तेव्हा ते काम कुणाचं, हा प्रश्नच उद्भवायला नको होता. तो उद्भवला. माझ्याच घरात, माझ्याच जेवणाच्या टेबलावर.

धंदा आमचा झाडकामाचा. 'आमचा' म्हणजे माझी बायको आणि तिची धाकटी बहीण, यांचा. मेहुणी कमरेला दोर बांधून झाडावर चढते आणि वाळलेल्या, धोक्याच्या फांद्या उतरवते. बायको गिऱ्हाइकांशी बोलते, दर ठरवते आणि मेहुणी वर असताना खाली उभी राहून तिला रागावते. मी फांद्या ओढतो. निवृत्त माणसाला हालचाल हवी असं म्हणून बायकोने मला हे काम दिलं, आणि हालचाल भरपूर आहे हे मी नाकारत नाही. पण ज्याच्या टेबलासमोर पुरवठादार हात बांधून उभे राहायचे, त्याने अंगात बनियन घालून फांदीचं शेपूट धरून मागे मागे चालत जावं, हे मला लागायचं.

अशात शाळेचं काम आलं. शाळा मोठी, मैदान त्याहून मोठं. मैदानाच्या एका टोकाला सिमेंटचा उघडा रंगमंच, आणि रंगमंचाच्या शेजारी एक जुनं, अवाढव्य झाड. वादळात त्याच्या दोन वाळक्या फांद्या खाली आल्या होत्या, आणि कडेच्या झाडांचाही बराच चुराडा झाला होता. संस्थेच्या अध्यक्षांचं म्हणणं, मोठं झाड आतून पोकळ आहे, ते बुंध्यापासून काढा. त्यांनी एक ठेकेदारही गाठून ठेवला होता. मेहुणी झाडावर चढली, सगळीकडे ठोकून-वाजवून आली आणि मुख्याध्यापिका बाईंना म्हणाली, "बाई, बुंधा ठणठणीत आहे. वाळलेलं तेवढं काढलं तर हे झाड तुमच्या नातवंडांनाही सावली देईल."

बाईंना झाडाचा लळा होता. त्यांनी अध्यक्षांकडून शब्द मिळवला, पण तो अटीसकट. सुट्टी संपून शाळा उघडेल त्या दिवशी मैदान स्वच्छ हवं, एक काटकीही दिसता कामा नये. ती दिसली, तर ठेकेदार येईल आणि झाड जाईल.

"एवढं लाकूड हातांनी हलणार नाही," बायको त्या रात्री जेवताना म्हणाली. "यंत्र घ्यावं लागेल. आणि आपला स्वतःचा ट्रक."

"ते मी बघतो," मी म्हणालो.

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. मी बायकोच्या माहेरच्या माणसांना पुष्कळ वर्षं ओळखतो, त्यामुळे त्या बघण्याचा अर्थ मला कळला.

"भावोजी, टाचण्या नाहीत त्या," मेहुणी म्हणाली.

झालं. त्या क्षणी मी ठरवलं, की जगात कुणी घेतला नसेल असा लोडर आणि असा ट्रक घेईन. पुढचं सगळं त्या निश्चयातून घडलं, आणि तो निश्चय तसाच पुरा झाला हे मी आधीच सांगून टाकतो.

मेहुणीने एकच अट घातली. यंत्र लहान आणि हलकं हवं, चेनच्या पट्ट्यावर चालणारं. जड यंत्र झाडाखाली फिरलं की जमीन दडपते, मुळांचा श्वास कोंडतो, आणि आज वाचवलेलं झाड चार वर्षांनी मरतं. हे मी तक्त्याच्या पहिल्या ओळीत लिहून घेतलं.

मी तक्ता करतोय ही बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. शेजारचे दंतवैद्य आधी आले. हे गृहस्थ जगाकडे तोंड उघडलेल्या अवस्थेतच पाहतात. "पकड!" ते म्हणाले. "बाकी सगळं गौण. पंजा मोठा घ्या. आणि माझं ऐकाल तर ते झाड मुळापासूनच काढा. वरवर साफ करून काही होत नाही, ठणका पुन्हा उठतो." पुढे कळलं, की अध्यक्ष त्यांचेच पेशंट होते, आणि झाड पोकळ असल्याचं निदान त्यांच्या खुर्चीवर आ वासून पडलेल्या अध्यक्षांच्या डोक्यात तिथेच शिरलं होतं. त्या अवस्थेत माणसाला काही बोलून विरोधही करता येत नाही.

वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी चेनवर हरकत घेतली. "चाक फिरतं, चेन उकरते. मैदान उकरलंत तर दावा लागेल. मी शाळेकडून उभा राहीन, आधीच सांगतो. शेजारधर्म वेगळा, धंदा वेगळा." यावर दंतवैद्यांनी चेनची बाजू घेतली, आणि आमच्या जिन्यात दोघांचं इतकं जुंपलं, की मला घरात जायला वाट उरली नाही. मी मधल्या पायरीवर बसून तक्ता पुरा केला.

लोडर मी असा निवडला. विक्रेत्याच्या आवारात चार यंत्रं उभी होती. त्यांतलं सगळ्यात लहान होतं त्यावर बसायची सोयच नाही, मागच्या पायरीवर उभं राहून चालवायचं. पुढे दोन दांडे, दांड्यांना पंजा. विक्रेता म्हणाला, "चालवून बघा, लहान मूलही चालवेल." लहान मुलाने कदाचित चालवलं असतं. मी चालवायची कळ पुढे ढकलली तर यंत्र मागे गेलं, मागे ओढली तर जागच्या जागी गिरकी घेतली, आणि तिथून ते जे निघालं ते थेट विक्रेत्याच्या उघड्या कार्यालयात शिरून त्याची खुर्ची पंज्यात उचलूनच थांबलं. खुर्ची रिकामी होती हे आमचं दोघांचं नशीब. पण पकड उत्तम आहे हे सिद्ध झालं, आणि मी तक्त्यात तशी नोंद केली.

ट्रक निवडताना मी आणखी खोलात गेलो. फांद्या वजनाला हलक्या, पण जागा फार खातात. साधा ट्रक चार फांद्यांत भरल्यासारखा दिसतो आणि फेऱ्या वाढतात. तेव्हा मी हौद्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी फाळके चांगले छातीइतके वाढवून घेतले, जाड फळ्यांचे, लोखंडी पट्ट्या मारून. ट्रक आता एखाद्या मोठ्या पेटाऱ्यासारखा दिसायला लागला. एका फेरीत निम्मं जंगल जाईल अशी सोय मी केली होती.

"अहो," बायको म्हणाली, "लोडर आणि ट्रक एकदा शेजारी शेजारी उभे करून बघितलेत का?"

"कशाला?"

"सहज. एक दुसऱ्यात माल टाकणार ना?"

मी तिला समजावून सांगितलं, की लोडर लोडरांच्या तक्त्यात पहिला आला आहे, आणि ट्रक ट्रकांच्या तक्त्यात पहिला आला आहे. दोन पहिल्या नंबरांनी एकमेकांना भेटून आणखी काय सिद्ध करायचं होतं? ती उठून आत गेली. तिचं असं उठून जाणं मला नेहमीच सोयीचं वाटतं, आणि नेहमीच महागात पडतं.

वाढवलेल्या फाळक्यांना वाहन कचेरीची मंजुरी लागते हे मला माहीत होतं. खिडकीपलीकडच्या कारकुनाने नकाशा पाहिला.

"फाळके एवढे उंच कशाला?"

"फांद्या भरायला. हलक्या असतात, पण जागा घेतात."

"हलक्या आहेत तर ट्रक एवढा दणकट कशाला?"

"ओंडकेही असतात. ते जड."

"जड असतात तर ते एवढ्या उंचीपर्यंत भरता येणार नाहीत. मग फाळके एवढे उंच कशाला?"

"फांद्या भरायला."

"हलक्या आहेत तर ट्रक एवढा दणकट कशाला?"

मला तो माणूस मनापासून आवडला. खिडकीच्या त्या बाजूला मी आयुष्य काढलं होतं, त्यामुळे तो अडवत नसून फक्त पद्धत पाळतोय हे मला दिसत होतं. आम्ही याच गोल रस्त्यावरून पुष्कळ वेळ फिरलो. शेवटी जेवायची सुट्टी झाली आणि त्याने शिक्का मारला. "आता यातला एक बोल्टही इकडचा तिकडे करायचा नाही," तो म्हणाला. "केलात, तर ही मंजुरी रद्द आणि पुन्हा पहिल्यापासून." मी ते ब्रह्मवाक्य समजून घरी आलो. ट्रकवर ड्रायव्हरही ठेवला, एक जाडजूड गृहस्थ. गाडी थांबली की त्याचे डोळे मिटायचे.

विक्रेत्याने लोडर त्याच्या बसक्या गाडीवरून शाळेत आणून सोडला. रंगमंचाला लागून आतला डांबरी रस्ता जातो, तिथे आमचा ट्रक उभा राहिला. मेहुणीने आणि बायकोने लाकूड कापून ढीग लावून ठेवले होते. मी पायरीवर चढलो, एक झकास फांदी पंज्यात धरली, दिमाखात ट्रकपाशी आलो आणि दांडे वर उचलले.

दांडे वर गेले, आणखी वर गेले, आणि थांबले. फांदी फाळक्याच्या वरच्या काठाच्या खाली टेकली होती. मी पुन्हा कळ ओढली. यंत्र घुरघुरलं आणि मागून किंचित उचललं गेलं, पण फांदी वर जाईना. उंच खुंटीवर टोपी अडकवायला निघालेल्या बुटक्या पाहुण्यासारखा माझा लोडर ट्रकसमोर हात वर करून उभा राहिला.

कुणी हसलं नाही. मला वाटतं, हसले असते तर बरं वाटलं असतं.

"मागून भरू," मी म्हणालो. मागचं झाकण उघडून दोन फांद्या आत ढकलल्या. त्यांनी दारातच पाय पसरले आणि तिसरीला वाट उरली नाही.

"फाळके काढून टाका ना," बायको म्हणाली. "बोल्टच तर आहेत."

"मंजूर फाळके आहेत ते," मी म्हणालो. "एक बोल्ट हलवला तर ट्रक बेकायदेशीर होईल."

"अहो, पण..."

"उंची कमी पडतेय ना? उंची वाढवू."

माघार हा शब्द माझ्या तक्त्यात नव्हता. लोडरला उभं राहायला उंचवटा हवा होता, आणि उंचवट्याला लागणारी वाळू समोर लांब उडीच्या खड्ड्यात फुकट पडली होती. मी ती ट्रकपाशी वाहून टेकाड केलं आणि लोडर त्यावर चढवला. तो चढला आणि शांतपणे खाली बसायला लागला. चेन फिरत होती, वाळू उडत होती, आणि मी कणाकणाने बायकोच्या खांद्याच्या पातळीवर येत होतो. एवढ्यात खेळाचे मास्तर शिट्टी फुंकत धावत आले. माझ्या वयाच्या माणसावर कुणी शिट्टी फुंकू नये. वाळू मला फावड्याने परत खड्ड्यात टाकावी लागली, आणि मास्तरांनी ती पायाने उडवून तपासून घेतली.

मी हताश होऊन रंगमंचाच्या काठावर बसलो. काठ ट्रकच्या हौद्याच्या पातळीला होता. मी खाली पाहिलं, ट्रककडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं, आणि माझ्यातला खरेदी अधिकारी ताडकन उभा राहिला. लोडर रंगमंचावर चढवला, तर फाळके काय चीज होती!

रंगमंचाला मैदानाच्या बाजूने चढ हवा होता. जाड ओंडके रचून, मेहुणीने त्यांना दोरांनी आवळून, आम्ही तो केला. लोडर ओंडका पंज्यात धरून चढावरून वर जायचा, रंगमंच ओलांडायचा आणि पलीकडे उभ्या ट्रकमध्ये वरून अलगद सोडायचा. चमत्कार होता तो. ट्रक भरून वखारीला जाऊ लागला, रिकामा परत येऊ लागला. मुख्याध्यापिका बाई गॅलरीतून बघायच्या आणि मान डोलवायच्या. मेहुणीसुद्धा म्हणाली, "भावोजी, हे मात्र डोकं चाललं हं." मी ते ऐकलं नाही असं दाखवलं, आणि दुपारी पुन्हा तो विषय काढून तिच्याकडून ते परत म्हणवून घेतलं.

शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा ट्रक लागला. दोघी बहिणी बाईंकडे हिशेबाचं बोलायला गेल्या होत्या. मी लोडरसकट रंगमंचावर उभा राहून मैदानावर नजर फिरवली. झाडाची वाळकी अंगं उतरली होती, हिरवं तेवढं राहिलं होतं. मैदान लख्ख होतं. लाकूड म्हणून उरलं होतं ते फक्त रंगमंचाला टेकवलेल्या चढाचं, आणि ते तिथे राहणं म्हणजे अट मोडणं. काटकी चालणार नव्हती, आणि इथे तर ओंडके होते. मी ड्रायव्हरला झोपेतून उठवून खाली उभं केलं. तो दोर बांधायचा, मी पंज्याने ओंडका वर ओढायचो आणि ट्रकमध्ये टाकायचो. शेवटचा ओंडका पडला तसा मी हात झटकले. ट्रक निघून गेला. काम पुरं झाल्याचं असं निर्मळ समाधान मला नोकरीतही कधी लाभलं नव्हतं.

बायको आली. तिने मैदान पाहिलं, मला पाहिलं, लोडर पाहिला.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "आता हे खाली कसं येणार?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ते बराच वेळ उघडंच राहिलं. दंतवैद्य असते तर त्यांनी तपासून घेतलं असतं.

ओंडके वखारीत उतरले होते आणि वखार बंद झाली होती. विक्रेत्याच्या गाडीच्या, यंत्र उतरवायच्या फळ्या रंगमंचाला पुरण्याइतक्या लांब नव्हत्या. ठेकेदाराकडे क्रेन होती, पण ती येऊन उभी राहायची तर झाड जिथे होतं तिथेच. शेवटी बायकोने रंगमंचाचा मखमली पडदा मागितला आणि लोडर नीट झाकून टाकला. "सकाळी कार्यक्रम आटोपू दे," ती म्हणाली. "मग बघू." मी तिला म्हणालो, की चूक माझी आहे. ती म्हणाली, "ते मला माहीत आहे, तुम्ही आधी घरी चला."

सकाळी मुलं रांगांनी उभी राहिली. अध्यक्ष आले, सोबत दंतवैद्य, निदान खरं झालेलं बघायला. अध्यक्षांनी मैदानावरून बारीक नजर फिरवली. काटकी दिसली नाही. नाइलाजाने त्यांची नजर रंगमंचावर गेली आणि तिथे मखमलीखाली झाकलेलं ते उंच काहीतरी बघून त्यांचा चेहरा एकदम उजळला. ज्या माणसाने आयुष्यात शेकडो पडदे ओढले आहेत, त्याला झाकलेली वस्तू दिसली की दुसरं काही सुचत नाही.

"बाई, हे मला आधी सांगितलं नाहीत!" असं म्हणत ते भराभर पायऱ्या चढले, हसत सगळ्यांकडे वळले आणि त्यांनी मखमल ओढली.

मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पंजा वर धरलेल्या दांड्यांखाली अध्यक्ष उभे होते. टाळ्या थांबल्यावर ते वळले.

"हे काय आहे?"

"लोडर," मी खालून म्हणालो.

"मैदान मोकळं करायचं ठरलं होतं!"

"मैदान मोकळंच आहे, साहेब," मुख्याध्यापिका बाई शांतपणे म्हणाल्या. "हे रंगमंचावर आहे."

अध्यक्ष चिडले. "मग उतरवा. आत्ता, माझ्यासमोर. नाहीतर मी क्रेन बोलावतो, आणि क्रेन आली की झाडही त्याच फेरीत जाईल."

मेहुणीने झाडाकडे पाहिलं. त्या झाडावर ती इतके दिवस दोराला लटकली होती, एकेक फांदी उतरवताना त्याच्याशी बोलायची. माझ्या निश्चयापायी ते जाणार होतं. मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तक्त्याची लाज वाटली.

तेवढ्यात आमचा ट्रक फाटकातून आत आला, रिकामा, छातीइतके फाळके मिरवत. मी त्याच्याकडे बघत राहिलो. जाड फळ्या, लोखंडी पट्ट्या, पुरेशी लांबी.

"पाना द्या," मी ड्रायव्हरला म्हणालो.

"अहो, ते मंजूर आहेत ना?" बायको म्हणाली.

"पाना द्या!"

शिक्का मारलेल्या त्या फाळक्यांचा पहिला बोल्ट मी स्वतः काढला. फाळके खाली आले तसे ड्रायव्हरचे डोळे पूर्ण उघडले. तो म्हणाला, "साहेब, हे पहिल्याच दिवशी काढले असते तर लोडर वर चढवायलाच लागला नसता." मी त्याला गाडीत जाऊन झोपायला सांगितलं.

फळ्या रंगमंचाला टेकवल्या तर उतार फार खडा झाला. यंत्र घसरून सुटणार हे दिसत होतं. मेहुणीने जाड दोर लोडरच्या मागच्या कडीला बांधला, दुसरं टोक घेतलं आणि झाडाच्या बुंध्याला वेढे द्यायला लागली.

"त्याला नको!" दंतवैद्य ओरडले. "ते पोकळ आहे, उपटून येईल!"

"मग आत्ताच कळेल," मेहुणी म्हणाली.

मुलांना गॅलरीत पाठवलं. मी पायरीवर चढलो. मेहुणी म्हणाली, भावोजी, मी चालवते. मी म्हणालो, चढवला मी आहे, उतरवणारही मीच. दोर सोडत बसायचं तुझं काम दुसऱ्या कुणालाच येत नाही, कळ ओढायचं मला थोडंफार तरी येतं.

लोडर काठावरून पुढे झुकला. मेहुणी वेढ्यांतून दोर बोटाबोटाने सोडत होती, बायको तिच्या मागे दोराचं टोक कमरेला गुंडाळून पाय रोवून उभी. निम्म्या वाटेवर एक फळी कडाडली. यंत्राला हिसका बसला, एक पट्टा हवेत गेला, आणि लोडर माझ्यासकट दोरावर लटकला. सगळा भार झाडावर आला. दोर करकरला, वर पानं सळसळली, काही माझ्या डोक्यावर पडली. मी डोळे गच्च मिटले आणि त्या झाडाला मनातल्या मनात हात जोडले.

झाड तसूभरही हललं नाही.

मग दोर पुन्हा हळूहळू सुटू लागला, पट्टा फळीला टेकला, आणि मी जमिनीवर आलो. गॅलरीतून जो गलका उठला तो अजून माझ्या कानांत आहे. मी पायरीवरून उतरलो आणि थेट बुंध्याला जाऊन टेकलो.

अध्यक्ष सावकाश चालत झाडापाशी आले. बुंध्यावर दोराने घासलेल्या जागी त्यांनी हात फिरवला, मग बोटांनी ठोकून पाहिलं. दंतवैद्य पुढे झाले तसं त्यांनी हाताने त्यांना थांबवलं.

"राहू दे हे," ते म्हणाले.

मेहुणी दोर सोडून तिथेच मातीत बसली आणि रडायला लागली. बाई तिच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. अध्यक्षांना रडणाऱ्या बायका बघायची सवय नसावी. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी मोडकी फळी पाहिली, फाळके नसलेला बोडका ट्रक पाहिला, आणि घसा साफ करून विचारलं, "पण ही असली यंत्रं निवडली कुणी?"

कचेरीत असा प्रश्न आला की मी म्हणायचो, समितीने. समिती कोण हे कुणाला कधी कळायचं नाही. इथे समिती नव्हती. मी बुंध्याचा आधार सोडला, सरळ उभा राहिलो आणि म्हणायला तोंड उघडलं.

"आम्ही," बायको म्हणाली.

कमरेचा दोर सोडवत, माझ्याकडे न बघता, दर सांगावा इतक्या सहजपणे ती ते म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या बाईने माझ्यावर इतकं प्रेम कधी एका शब्दात केलेलं मला आठवत नाही. मी तिला तसं सांगितलंसुद्धा, सगळ्यांच्या देखत. पुढे म्हणालो, हे ऐकायला मिळणार असेल तर मी आणखी दहा यंत्रं निवडायला तयार आहे.

"नको!" दोघी बहिणी एकदमच म्हणाल्या.